साठीनंतरचे दात: हिरडीलगतची कीड, कोरडं तोंड आणि कवळी

निंबोणी (धागाकर्ती)

साठीच्या पुढे दात किडतो तो बहुधा दाढेच्या माथ्यावर नव्हे, हिरडीच्या कडेला. आरशात ती कीड चटकन दिसत नाही, सुरुवातीला दुखतही नाही, आणि एक दिवस भाकरीचा तुकडा चावताना दात हिरडीपाशी करवतीनं कापल्यासारखा तुटतो. ‘वयच झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. खरं तर वयामुळे दात पडत नाहीत. कीड आणि हिरडीचा आजार यांमुळे पडतात, आणि दोन्ही थोपवता येतात.

हिरडी वर्षानुवर्षं थोडी थोडी मागे सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर एनॅमलचं कवच नसतं. एनॅमल विरघळायला तोंडाचा पीएच (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली जावा लागतो. मूळ मात्र ६.२ ते ६.७ लाच विरघळू लागतं. म्हणजे तरुणपणी दातांनी सोसलेला दिवसाचा पाच वेळचा साखरेचा चहा आता मुळाला सोसत नाही. चहा बंद करा असं म्हणत नाही. पण तो दोनदा, जेवणखाण्याच्या जोडीनं घ्यावा. तासभर घोट घोट घेतलेला एक कप हा एका दमात संपवलेल्या दोन कपांपेक्षा वाईट, कारण दर घोटाला आम्ल नव्यानं तयार होतं.

आता घासण्याबद्दल. ब्रश ‘सॉफ्ट’, डोकं लहान. केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर ४५ अंशात टेकवायचे आणि जागच्या जागी अगदी छोटी थरथर द्यायची, दोन-तीन दातांना मिळून दहा-बारा वेळा. मग पुढच्या दातांवर. आडवं खसाखसा घासू नये. एकूण दोन मिनिटं. सर्वांत जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून किटणही तिथेच सर्वांत जाड बसतं. तिथे ब्रश उभा धरावा.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, पण फ्लोराइडची हवी. भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला १००० पीपीएमची (दहा लाखांत हजार भाग) कायदेशीर मर्यादा आहे आणि आकडा वेष्टनावर छापावा लागतो. तो वाचून घ्या. ‘हर्बल’ लिहिलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. घासून झालं की फेस थुंकायचा आणि तिथेच थांबायचं. खळखळून चूळ भरली की मुळावर बसलेलं फ्लोराइड धुऊन जातं. एक वेळ सकाळचं घासणं राहिलं तर चालेल, रात्रीचं नको. झोपेत लाळ जवळजवळ थांबते.

दातांमध्ये फटी पडल्या असतील तर दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश चांगला. तो मापात मिळतो. तार फटीत न अडता जावी आणि केस दोन्ही दातांना टेकावेत, ते बरोबर माप. एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी मुळीच नको.

---

पारिजात

राखुंडी, लाल दंतमंजन किंवा मीठ आणि मोहरीचं तेल वापरणाऱ्या पिढीला ब्रशवर आणणं कठीण जातं. त्यांनी तेच चालू ठेवलं तर नेमकं काय बिघडतं?

---

निंबोणी

पारिजात, या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा आहे.

राखुंडी आणि गेरूचं लाल मंजन यांचा दोष खरखरीतपणाचा. एनॅमल त्यातून बऱ्यापैकी तगतं, उघडं मूळ तगत नाही. हिरडीपाशी दाताला कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारखी खाच पडते, मग गार पाणी झोंबतं आणि खाच खोल गेली की दात तिथेच मोडतो. शिवाय बोट दातांच्या फटीत पोचत नाही.

मीठ-तेलानं हिरडीला चोळ मिळते आणि थोडं बरं वाटतं. पण मुळाच्या किडीला त्याचा उपयोग नाही. ज्यांना ते सोडवत नाही त्यांनी सकाळी ते करावं आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट व ब्रश वापरावा. तडजोड म्हणून हे चालतं.

मिशेरी मात्र तडजोडीच्या पलीकडची. तो भाजलेला तंबाखू आहे. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून मिशेरी लावणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं आणि ‘हिरड्या घट्ट आहेत’ असा गैरसमज होतो. आत हाड झिजत असतं. १९९२ पासून दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मिशेरीपर्यंत तो कायदा पोचत नाही. मिशेरी ज्या जागी दाबून ठेवली जाते, तिथला गालाचा आणि हिरडीचा भाग महिन्यातून एकदा उजेडात बघावा. पांढरा न पुसला जाणारा चट्टा, लाल मखमली डाग, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर तपासणी लांबवू नये.

---

औषधपेटी

कोरड्या तोंडाबद्दल भर घालतो, कारण त्याचं मूळ बहुधा औषधांच्या डब्यात असतं. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती कमी करणारी नेहमीची औषधं: झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, कंपवातातलं ट्रायहेक्सिफेनिडिल, आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं. एकेक औषध फार त्रास देत नाही, तीन-चार एकत्र आली की जीभ टाळूला चिकटते.

ओळखायचं कसं? कोरडी पोळी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नाही, बोलताना ओठ दातांना चिकटतात, रात्री पाण्यासाठी उठावं लागतं. औषध स्वतःहून बंद करू नये. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: यातलं कुठलं बदलता किंवा सकाळी हलवता येईल? रात्रीची गोळी सकाळी घेतली तरी कधी कधी फरक पडतो, कारण लाळ आधीच रात्री कमी असते.

कोरडेपणावर लोक लिंबाच्या गोळ्या, खडीसाखर, खोकल्याच्या गोड गोळ्या चघळतात. कोरड्या तोंडात ही सर्वांत वाईट गोष्ट आहे. त्याऐवजी घोटभर साधं पाणी वारंवार, आणि झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकावं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

अमलोडिपिन, निफेडिपिन आणि फिट्सच्या फेनिटोइननं काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. दातांवर किटण असेल तर जास्त. अमलोडिपिन चालू असताना पुढच्या दातांमध्ये हिरडीचे गोळे दिसू लागले तर दंतवैद्य आणि रक्तदाबाचे डॉक्टर दोघांना सांगावं.

---

रानवाट

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी ती किती दिवस बंद ठेवायची? ‘पाच दिवस आधी बंद करा’ असं सगळीकडे ऐकू येतं.

---

औषधपेटी

रानवाट, बंद करायची नाही. हे ठळक लिहितो, कारण स्टेंट बसवलेल्या माणसानं स्वतःहून अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल थांबवलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयातली गुठळी तशी हाताळता येत नाही.

वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासावा. शक्यतो आदल्या २४ तासांतला, पातळी स्थिर असेल तर ७२ तासांतला चालतो. तो ४ च्या खाली असेल तर साधा दात गोळी चालू ठेवूनच काढतात. दंतवैद्य एका बैठकीत कमी दात काढतील, टाका घालतील, खळग्यात रक्त थांबवणारा स्पंज भरतील. अ‍ॅपिक्सबॅन, रिव्हारोक्सबॅन, डाबिगाट्रानबाबत कधी कधी त्या दिवशीची सकाळची मात्रा टाळायला किंवा उशिरा घ्यायला सांगतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. वेळ सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्यावी, म्हणजे रक्त वाहिलंच तर दवाखाना उघडा असतो.

एक सापळा फारसा कुणाला ठाऊक नसतो. वॉरफरिन चालू असताना तोंडातल्या बुरशीवरची मायकोनॅझोलची जेल लावू नये. जेल पोटात जाते आणि आयएनआर धोकादायक वाढतो. मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाचंही तेच. दातदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या मंडळींना नको, आधी पॅरासिटामॉल.

हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं (आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, वर्षाचं झोलेड्रोनेटचं इंजेक्शन, सहा महिन्यांचं डेनोसुमॅब) चालू असतील तर तेही दंतवैद्याला सांगायचं. दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत तो दहा हजारांत १ ते १० इतका कमी, कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत बराच जास्त. इंजेक्शन सुरू होण्याआधी तोंड तपासून, काढायचे दात काढून घेणं हा सर्वांत सोपा मार्ग. आणि हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्याआधी किंवा किटण काढण्याआधी अर्धा ते एक तास प्रतिजैविकाची मात्रा लागते. साधारणपणे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं.

---

सोनचाफा

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, असं अनेक घरांत ठाम समजतात. यात काही तथ्य?

---

दंतमूळ

हलण्याची जाणीव खरी असते, कारण चुकीचं लावलं जातं.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक चर असते. निरोगी असेल तर १ ते ३ मिलिमीटर. चरीत जंतूंचा थर साचून दगडासारखं किटण झालं की हिरडी सुजते, चर ४, ५, ६ मिलिमीटर होते आणि खालचं हाड झिजतं. हाड गेलं म्हणजे दाताचा पाया गेला. पण किटणाचा पूल चार-पाच दातांना एकत्र बांधून ठेवतो, म्हणून ते घट्ट वाटतात. पूल काढला की आधीच सैल झालेले दात सैल असल्याचं कळतं. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, फटी दिसू लागतात, गार पाणी झोंबतं. दोन-चार आठवड्यांत झोंबणं कमी होतं, आणि हाड बऱ्यापैकी शिल्लक असेल तर दात पूर्वीपेक्षा घट्टही होतात.

तपासणीत दंतवैद्यानं चर मोजली का, हे विचारावं. बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून ती मोजतात. नुसतं ‘साफ करू’ आणि मोजमाप करून हिरडीखालचं किटण काढणं यांत फरक आहे. खोल चरी असतील तर ते काम भूल देऊन दोन ते चार बैठकींत होतं, मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. तरीही ६ मिलिमीटरच्या आसपास चरी राहिल्या आणि रक्त येत असेल तर हिरडी उघडून साफ करण्याचा विचार होतो. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी देखभाल. हे चुकवलं तर आधीचा खर्च वाया जातो, कारण जंतू काही महिन्यांत पुन्हा चरीत उतरतात.

मधुमेह असेल तर हे काम दुहेरी फायद्याचं. साखर जास्त असेल तर हिरडी लवकर सडते, आणि सुजलेली हिरडी साखर वाढवते. हिरडीच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा आकडा) सरासरी ०.४ नं उतरतो. बैठकीला उपाशी जाऊ नये. नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊन सकाळी जावं.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्यांचा अतिरेक फार दिसतो. ०.२ टक्क्यांचं द्रावण, १० मिली, दिवसातून दोनदा, फार तर दोन आठवडे. नंतर दात तपकिरी पडतात आणि चव जाते. पेस्टनं घासल्यावर अर्धा तास थांबून गुळणी करावी. पेस्टमधल्या फेसकारी द्रव्यानं ती निकामी होते. रोजच्यासाठी काही हवंच असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे.

---

कवळीघर

कवळीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

दात काढल्यावर जबड्याचं हाड पहिल्या वर्षात सर्वांत वेगानं झिजतं आणि पुढे हळूहळू झिजतच राहतं. खालच्या जबड्याचं वरच्याच्या जवळपास चौपट. म्हणून वरची कवळी वर्षानुवर्षं चिकटून राहते आणि खालची नाचते. हा बनवणाऱ्याचाच दोष असतो असं नाही. ढिली झाली की आतून नवा थर देऊन घ्यावा. चिकटवायची पावडर तात्पुरती ठीक. रोज जास्त जास्त लागत असेल तर कवळीचं माप गेलंय असं समजावं.

धुण्याची रीत: बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा खाली जाड टॉवेल अंथरा, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि भांड्यांचा किंवा हात धुण्याचा सौम्य साबण. टूथपेस्ट नको, तिनं अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी वस्ती करते. उकळतं पाणी अजिबात नको, कवळी वाकडी होते. रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी ठेवली तरी आकार बिघडतो. फसफसणाऱ्या गोळ्या वापरल्या तर त्या पेल्यातच, तोंडात कवळी असताना कधीच नाही. आणि गोळीनं घासणं टळत नाही.

रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांच्या टाळूवर बरोबर कवळीच्या आकाराचा लाल पट्टा येतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. ती बुरशी. तोंडातल्या औषधाबरोबर कवळीही क्लोरहेक्सिडिनमध्ये रोज १५-२० मिनिटं बुडवावी लागते, नाहीतर बुरशी कवळीतून परत येते. ब्लीचचं पातळ द्रावण धातूची जाळी किंवा आकडे असलेल्या कवळीला नको, धातू काळा पडतो.

टोचत असेल तर घरी कानशीनं किंवा सँडपेपरनं घासू नका. दाखवायला जाण्याच्या आदल्या दिवशी कवळी घालूनच ठेवा. टोचणाऱ्या जागी हिरडीवर लाल खूण उठते आणि दंतवैद्याला नेमकी तिथेच घासता येते. चार दिवस कवळी काढून ठेवून गेलात तर खूण मिटलेली असते आणि अंदाजानं घासावं लागतं. तुटली तर सगळे तुकडे, अगदी चपटा कपचाही, डबीत घालून न्या. झटपट गोंदानं चिकटवलेली कवळी एक-दोन मिलिमीटर सरकते आणि मग ती नीट जोडता येत नाही.

नवी कवळी आल्यावर पहिला आठवडा मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, उकडलेल्या भाज्या. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावायचा. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडलं की वरची कवळी मागून सुटते. खालची कशानंच टिकत नसेल तर पुढे दोन इम्प्लांट (हाडात रोवलेले स्क्रू) बसवून त्यांवर बटणासारखी अडकवता येते. सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी निदान इतकं तरी द्यावं, असं २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवलं होतं.

---

शुश्रूषा

अंथरुणावरच्या माणसाचं तोंड हे जेवणाइतकंच रोजचं काम आहे. दातांवरचा थर लाळेबरोबर फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो.

डोकं उंच करून किंवा कुशीवर वळवून घ्यावं, उताणं झोपवून कधीच नको. हनुवटी किंचित छातीकडे. छातीवर टॉवेल, गालाशी वाटी. लहान मुलांचा मऊ ब्रश ओला करून झटकायचा, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. आधी गालाकडची बाजू, मग आतली, शेवटी जीभ. फेस ओल्या गॉजनं पुसून घ्यायचा, पाणी ओतायचं नाही. दातांमध्ये बोट घालू नका. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अचानक चावतो. तोंड उघडत नसेल तर गालाच्या आतून बोट मागच्या दाढेच्याही मागे नेऊन हलकेच दाबलं की जबडा सैल होतो. ओठांना व्हॅसलीनचा पातळ थर. नळीनं ऑक्सिजन चालू असेल तर पाण्यात विरघळणारी जेल वापरावी. नाकातून नळीनं अन्न चालू असलं तरी दोन वेळा तोंड साफ करायचंच. न चावणाऱ्या तोंडात थर उलट लवकर साचतो.

बोटं आखडलेल्यांसाठी ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवा किंवा मऊ चेंडूला भोक पाडून दांडा खोचा. बॅटरीच्या ब्रशचा दांडा मुळात जाड असतो, तोही सोयीचा.

---

दंतमूळ

दातातून न येणारी दातदुखीही असते. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ, काही सेकंदांची, तोंड धुताना किंवा वारा लागला तरी उठणारी: ती बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूची. अशा रुग्णांचे चांगले दात एकेक करून उपटले जातात आणि कळ तशीच राहते. क्ष-किरण चित्रात कारण दिसलं नाही तर दात काढायला तयार होऊ नका. आणि चालताना, जिना चढताना खालचा जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर दुखणं जात असेल, तर आधी हृदय तपासायचं.

---

पैनगंगा

यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या वयस्करांनीही फ्लोराइडची पेस्ट वापरायची का?

---

निंबोणी

हो, थुंकून टाकायची असल्यामुळे. दातांवरचे फ्लोराइडचे डाग लहानपणी, दात हाडात घडत असताना पडतात. साठीत नवे पडत नाहीत. हाडं आणि सांध्यांचा त्रास होतो तो पाणी पिण्यातून, त्यामुळे तिथे पाणी बदलणं महत्त्वाचं. परदेशात मुलांकडे राहणाऱ्यांसाठी: अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मुळाची कीड किंवा कोरडं तोंड असेल तर दंतवैद्य ५००० पीपीएमची पेस्ट चिठ्ठीवर देतात. ती मागून बघा.

---

रानवाट

पंच्याऐंशीच्या पुढच्या, खुर्चीत पंधरा मिनिटंही न बसू शकणाऱ्या माणसाच्या चार-पाच दातांच्या मुळांना कीड असेल, तर ड्रिल न लावता काही होतं का? आणि खर्च झेपेल असं ठिकाण?

---

दंतमूळ

होतं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, ३८ टक्के. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हिरडी आणि ओठांना व्हॅसलीन लावून दात कापसानं कोरडा करतात, थेंबभर औषध किडीवर साधारण मिनिटभर लावतात. भूल नाही, टोचणं नाही, घरी पलंगावरही करता येतं. किडलेला भाग कोळशासारखा काळा आणि कडक होतो. तो डाग कायमचा, त्यामुळे पुढच्या दातांना लावण्याआधी घरच्यांनी ठरवावं. ओठाला लागलं तर तिथला डाग काही दिवसांत जातो, कपड्यावरचा जात नाही. तोंडाला थोडा वेळ धातूची चव येते. चांदीची अ‍ॅलर्जी असेल किंवा कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली असेल तर ते चालत नाही. एकदा लावून सोडू नये. दर सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं.

खर्चासाठी: मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. कवळीचं काम तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. चार-पाच फेऱ्या होतात, पण मापं घाईनं घेतली जात नाहीत. सकाळी ओपीडी उघडताना पोचा. जुने एक्स-रे, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शेवटचा साखरेचा आणि आयएनआरचा रिपोर्ट सोबत ठेवा, म्हणजे उपचार झेपतील का हे ठरवणाऱ्या फिटनेसच्या दाखल्यासाठी वेगळी फेरी पडत नाही.